स्टूल तिसरं, कंबरदुखी तीच: वर्कबेंचसाठी उंच पाठीचं स्टूल घेताना काय चुकतं

तक्रार अशी. संध्याकाळी साडेसहाला पार्किंगमधल्या बेंचवर बसतो, जुन्या ॲम्प्लिफायरचं बोर्ड नाहीतर शेजारच्यांचा मिक्सर उघडतो, आणि सात वाजेस्तोवर कमरेच्या डाव्या बाजूला कुणीतरी पाना घालून नट आवळतंय असं वाटायला लागतं. आणखी अर्ध्या तासाने उजव्या पायाला मुंग्या. उठून फाटकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. पुन्हा बसलं की पुन्हा तेच.

चार वर्षांत तीन स्टुलं झाली. पहिलं बार स्टूल, प्रदर्शनातून आणलेलं, दिसायला झकास. दुसरी पुतण्याच्या ऑफिसमधून निघालेली खुर्ची. तिसरं मात्र विचार करून घेतलं: उंच पाठीचं, गॅस सिलिंडरचं (म्हणजे बैठक वरखाली करणारी, दाबाचा गॅस भरलेली नळी), खाली पाय ठेवायला गोल रिंग असलेलं, नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन वापरायचे तसलं. पाठ चांगली खांद्यापर्यंत येणारी. म्हटलं, आता कंबर दुखली तर डॉक्टरच गाठायचा. पंधरा दिवस बरे गेले आणि दुखणं परत हजर.

उलगडा बायकोने केला. चहा घेऊन आली आणि कप ठेवायच्या आधी म्हणाली, "अहो, मागे एवढी गादीची पाठ आणि तुम्ही बसलाय पुढच्या चार बोटांवर. टेकत का नाही?"

मी टेकून बघितलं. टेकलो की हात बेंचपर्यंत पोचेनात आणि पाय हवेत लोंबायला लागले, कारण रिंग घसरून बुडाला टेकलेली (ते दुखणं पुढे सांगतो). म्हणजे पाठ होती, पण माझ्या उपयोगाची नव्हती.

मी तेहतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. तिथे जॉब मापात निघाला नाही की आधी फिक्स्चर, म्हणजे जॉब धरून ठेवणारा साचा, बघायचं; कामगाराला बोलायचं ते नंतर. इथे मी स्वतःलाच दोष देत होतो (वय झालं, वजन वाढलं), नाहीतर स्टुलाला. फिक्स्चर कुणी तपासलंच नव्हतं. खाली वाकून बघितलं तर बेंचच्या खालच्या फळीच्या अँगलवर चपलेच्या रुंदीचे दोन पट्टे, रंग घासून लोखंड चकचकीत झालेलं. बाकी अख्खा अँगल हिरवा. चार वर्षं माझे पाय टेकायला जागा शोधत होते आणि ती त्यांना तिथे सापडली होती. ती जागा स्टुलाच्या दांड्यापासून चांगली सव्वा फूट पुढे. तिथे पाय पोचवायचे म्हणजे बैठकीवरून पुढे सरकावंच लागणार. पुढे सरकलो की पाठ सुटली, कंबर गोल झाली, आणि बैठकीची कड मांडीखाली रुतली. कंबर दुखण्याचं आणि मुंग्यांचं मूळ एकच निघालं. पायांना आधार नव्हता.

म्हणून उंच पाठीचं स्टूल शोधणाऱ्याला मी आधी पायांचं विचारतो. पाय नीट टेकले तरच माणूस मागे बसतो, आणि मागे बसला तरच पाठीचे पैसे वसूल होतात.

आधी टेप काढा, मग पाकीट

चार मापं लागतात. माझी देतो, तुमची तुम्ही घ्या.

बेंचची उंची जमिनीपासून 36 इंच. आपल्याकडे स्वयंपाकाचा ओटाही 33 ते 36 इंचांच्या आसपास असतो, कारण तोही उभ्याने काम करायलाच केलेला असतो. ऑफिसचं टेबल 29-30 इंचांचं. हा सहा-सात इंचांचा फरक विसरल्यामुळे माझी दुसरी खुर्ची वाया गेली. साध्या ऑफिस खुर्चीची बैठक 21 इंचांच्या फारशी वर जात नाही. 36 च्या बेंचपुढे तीवर बसलं की खांदे कानाला लागतात आणि मान आखडते.

दुसरं माप कोपराचं. कडक खुर्चीवर ताठ बसून हात काटकोनात ठेवा आणि बैठकीपासून कोपरापर्यंत मोजा. माझं 9 इंच. सोल्डरिंगसारख्या बारीक कामाला हात कोपराच्या थोडे वर असलेले बरे, दोनेक इंच. मग हिशोब सोपा: 36 वजा 9 वजा 2, म्हणजे बैठक 25 इंचांवर. हे माप तुम्ही बसल्यावरचं हवं. फोम एक इंच दबत असेल तर रिकाम्या स्टुलाची उंची 26 धरा.

बार स्टूल कुठे फसलं ते इथे कळतं. त्याची बैठक 30 इंचांवर होती. तसली स्टुलं 40-42 इंची काउंटरसाठी असतात. 36 च्या बेंचवर ते लावलं की मांडी आणि फळी यांत जागाच उरत नाही, आणि माणूस विहिरीत डोकावल्यासारखा कामावर वाकतो. दुकानात बार स्टूल आणि बेंचचं स्टूल दोन्ही 'उंच स्टूल' याच नावाने मिळतात. नावावर जाऊ नका, टेप लावा.

तिसरं माप गुडघ्यामागच्या खोबणीपासून तळपायापर्यंत, बेंचवर वापरता ती चप्पल किंवा बूट घालून. माझं 17 इंच. 25 मधून 17 गेले, राहिले 8. पाय टेकायची रिंग किंवा दांडी जमिनीपासून 8 इंचांवर हवी. अँगलवरचे ते घासलेले पट्टे मोजले तर साडेआठवर होते. टेप न लावता पायांनी माप जवळजवळ बरोबर काढलं होतं.

चौथं माप बहुतेक जण घेत नाहीत, आणि माझं निम्मं दुखणं तिथेच अडलेलं होतं: मांडीची जाडी. बसल्यावर बैठकीपासून मांडीच्या वरच्या कडेपर्यंत. माझी 6 इंच. 25 अधिक 6, म्हणजे 31. बेंचची फळी दोन इंच जाड, तिचा तळ 34 वर, तिथपर्यंत सगळं छान. पण बेंच बनवताना हौसेने मधोमध एक ड्रॉवर लावला होता, स्क्रू-नटांसाठी. त्याचा तळ साडेएकोणतीसवर. म्हणजे माझ्या मांड्या बेंचखाली जाणं शक्यच नव्हतं! मी बेंचपासून वीतभर लांब बसायचो आणि उरलेलं अंतर कमरेतून वाकून भरून काढायचो. जगातलं कुठलंही स्टूल आणलं असतं तरी हा ड्रॉवर त्याला पुरून उरला असता.

ड्रॉवर काढून डाव्या बाजूला नेला. अर्ध्या तासाचं काम. कंबरदुखीतला निम्मा फरक त्याच संध्याकाळी पडला.

मग उंच पाठ हवी की नको?

कामावर अवलंबून आहे. व्हाइसवर (जॉब आवळून धरणाऱ्या शिकंज्यावर) कानस मारायची असेल, हॅक्सॉ चालवायची असेल, तर उठा आणि उभे राहा. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवायचे की व्हाइसचे जबडे उभ्या माणसाच्या कोपराइतके वर हवेत. उभ्याने करायचं काम बसून केलं की जोर खांद्यातून लागतो, आणि स्टूल मागे पळतं ते वेगळंच. त्या कामाला पाठ लागतच नाही.

बसून करायचं काम म्हणजे सोल्डरिंग, वायरिंग, गिअरबॉक्स जुळवणं, मोटरच्या कॉइल भरणं. यातही हात चालू असताना माणूस थोडा पुढेच असतो. पाठीचा उपयोग मधल्या वेळात होतो: मीटरकडे बघताना, सर्किट वाचताना, 'आता हे का चालत नाहीये' असा विचार करताना. माझ्या बाबतीत असा वेळ कामाच्या वेळापेक्षा जास्तच असतो, त्यामुळे मला पाठ हवीच.

पण उंची किती? दुकानदार म्हणेल जितकी उंच तितकी चांगली. मला पटत नाही. बेंचवर सतत बाजूला वळावं लागतं, मागच्या फळीवरचं काहीतरी घ्यावं लागतं. पाठीची वरची कड खांद्याच्या पात्यांच्या खाली संपली तर हात मोकळे फिरतात. त्याहून उंच असेल तर निदान वर निमुळती होणारी घ्या. खरी गरज आहे ती पट्ट्याच्या पातळीवरच्या फुगवट्याची, दाबलेल्या बैठकीपासून साधारण सात ते नऊ इंचांवर. पाठ वरखाली सरकवता आली तर उत्तम. ती येत नसेल आणि फुगवटा भलतीकडे टोचत असेल, तर बाकी सगळं चांगलं असूनही ते स्टूल सोडून द्या.

बैठकीची खोली याच कारणासाठी तपासायची. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. रुबाबदार दिसणाऱ्या खोल बैठकीत पाठ टेकायला गेलं की कड पोटरीला दाबते, मग माणूस पुढे सरकतो आणि आपण आलो तिथेच परत येतो. हात ठेवायचे दांडे नकोतच, ते फळीला आपटतात आणि स्टूल आत जाऊ देत नाहीत.

रिंग घसरते, बैठक खाली जाते: दर महिन्याला येणारी दोन दुखणी

मापं जुळली तरी माझं तिसरं स्टूल लगेच सरळ झालं नाही. गॅसवर चालणाऱ्या उंच स्टुलांना हे दोन आजार जडलेलेच असतात.

पहिला रिंगचा. रिंग बाहेरच्या गुळगुळीत नळीवर एका नॉबने आवळलेली असते, म्हणजे सगळा भार घर्षणावर. बसल्यावर पायांचं वजन ती झेलते. पण आपण करतो काय, तर पायरीसारखा रिंगवर एक पाय देऊन चढतो. अख्खं शरीर एका कडेवर आलं की रिंग तिरकी होऊन खाली घसरते. नॉब कितीही आवळा, आठवड्याभरात रिंग बुडाला टेकलेली. नॉब जास्त आवळून आतले आटे घालवायचे आणि मग नशिबाला बोल लावायचा, हेही करून झालंय.

उपाय अगदी साधा. नळी बहुतेक वेळा 50 मिमीची असते, तरी व्हर्निअर (बारीक मापाची सरकपट्टी) लावून खात्री करा. त्या मापाची होज क्लिप घ्या, पाण्याच्या पाइपला लावतात तीच. जुन्या सायकल ट्यूबची एक पट्टी नळीभोवती गुंडाळायची, तिच्यावर क्लिप आवळायची आणि रिंग त्या क्लिपवर बसवायची. क्लिपचा स्क्रू मागच्या बाजूला ठेवा, पोटरीला ओरखडे येत नाहीत. आणि चढताना रिंगवर पाय नको. माझी रिंग गेल्या पावसाळ्यापासून 8 इंचांवरून हललेली नाही. मार्करची रेघ मारून ठेवली आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

दुसरा आजार बैठक हळूहळू खाली जाण्याचा. लगेच सिलिंडरला दोष देऊ नका. बैठकीखाली बघा, उंचीचा लिव्हर सिलिंडरच्या डोक्यावरचं बटण कायम दाबून तर धरत नाही ना. माझ्या एका मित्राच्या खुर्चीत लिव्हर वाकला होता. पकडीने सरळ केला, संपलं. लिव्हर आणि बटण यांत जरा फट असली पाहिजे.

फट असेल तर दुसरी परीक्षा. बैठक हव्या उंचीवर आणा, आतली बारीक नळी जिथे बाहेरच्या नळीत शिरते तिथे मार्करने खूण करा आणि पंधरा मिनिटं नेहमीसारखे बसा. खूण आत गेली तर आतलं सील गेलं. सिलिंडरमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो. तो घरी भरता येत नाही आणि दुरुस्तही होत नाही. त्याला भोक पाडू नका, ग्राइंडर लावू नका, वेल्डिंग तर मुळीच नको. 'कापून बघतो आत काय आहे' ही खाज मलाही येते, पण इथे ती आवरायची.

तात्पुरता इलाज आहे, आणि खरं तर ज्याला उंची बदलायचीच नाही त्याला तो कायमचाही चालतो. बारीक नळी सहसा 28 मिमीची असते. ती सैलसर मावेल असा पीव्हीसी पाइप घ्या, स्टूल हव्या उंचीवर असताना जेवढी नळी दिसते तेवढ्याच लांबीचा तुकडा कापा, उभी चीर द्या आणि उघडून नळीवर चढवा. वर बैठकीची प्लेट, खाली जाड नळी, मध्ये पाइप. बैठक खाली जाणार कुठे? कापलेल्या कडा कानसने साफ करा, नाहीतर फिरताना करकर आवाज येतो.

सिलिंडर बदलायचा असेल तर तो आट्यांवर बसवलेला नसतो, निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. नट शोधत बसू नका. स्टूल उलटं करून बुडाकडून रबरी हातोड्याने ठोकलं की खालचा भाग सुटतो. बैठकीकडचा भाग जास्त हट्टी. रात्री सांध्यात गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पाइप रेंच लावून पिळा. नवा घेताना जुना बरोबर न्या आणि तीन मापं जुळवा: एकूण लांबी, उघडण्याचा पल्ला आणि दोन्ही नळ्यांचे व्यास. ऑफिस खुर्चीचा सिलिंडर उंच स्टुलाला बसतो खरा, पण उंची देत नाही. मी तीच चूक केली होती. बसवताना सांध्यात ग्रीस नको. कोरडाच बसवा, तुमच्या वजनाने तो आपोआप घट्ट होतो.

स्टूल चालायला लागतं तेव्हा

पार्किंगच्या फरशीला फाटकाकडे उतार दिलेला असतो, पाणी वाहून जावं म्हणून. माझ्याकडे पाणसळ ठेवून बघितलं तर स्टुलाच्या बुडाइतक्या अंतरात पाव इंच. चाकांचं स्टूल त्या उतारावर आपणहून निघतं. आपण नकळत पायाने त्याला अडवून धरतो, आणि तासाभराने पोटरी दुखते ती का, ते कळत नाही. शिवाय 25 इंच उंचीवर बसलेल्या माणसाखालून चाकं सरकली तर पडायला फार वेळ लागत नाही.

चाकं काढा. बहुतेकांची पिन 11 मिमीची असते आणि ती नुसती दाबून बसवलेली असते, पटाशीने उचकटली की येते. त्याच मापाच्या पिनचे रबरी किंवा नायलॉनचे बूट मिळतात. पुण्यात बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत विचारा, नाहीतर खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याकडे. बैठक एखाद इंचाने खालीवर होईल, मापं पुन्हा घ्या. उताराचा कल मोडायला मी फाटकाकडच्या दोन पायांखाली प्लायची पट्टी टाकली आहे. खाली जाळीच्या टाइल असतील तर अख्खा प्लायचा तुकडाच टाका, स्टूल त्यावर स्थिर राहतं.

पाठ हलते त्याबद्दल थोडक्यात: ज्या बोल्टवर पाठीची पट्टी बसते ते सहा महिन्यांतून एकदा आवळा, खाली स्प्रिंग वॉशर टाका. प्लायमधले आटे गेले असतील तर लांब स्क्रू मारू नका, आरपार बोल्ट घालून मागून मोठा वॉशर लावा.

कापड, जाळी, रेक्झिन

जाळीची पाठ हवेशीर, पण ज्याच्या बेंचवर ग्राइंडर चालतो त्याने तिच्या वाटेला जाऊ नये. ठिणगी पडली की भोक, आणि लोखंडाचा कीस जाळीत अडकला की शर्टाला टोचत राहतो. रेक्झिन पुसता येतं पण मे महिन्यात पाठीला चिकटतं, आणि कोकणात तर दमट हवेने दोन-तीन वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. मी रेक्झिनच्या बैठकीवर जुन्या जीन्सचं खोळ शिवून घेतलं आहे. धुता येतं आणि घामही शोषला जातो. फोम विचाराल तर 40 डेन्सिटीचा, जाडी दोन इंच पुरे. बोट दाबल्यावर बुडाची फळी लागते असला मऊ फोम पहिल्या आठवड्यात छान वाटतो.

बारीक कामाला एक युक्ती, स्टुलाशी संबंध नसलेली. भिंगाखाली बोर्ड बघताना मान वाकतेच, बैठक कितीही बरोबर असो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचं टेबल छातीच्या आसपास उंच असतं ते काम डोळ्यांजवळ यावं म्हणून. मी बेंचवर माळ्यावरचा जुना जेवणाचा पाट ठेवतो आणि बोर्ड त्यावर. तीन इंचांनी काम वर येतं, माझी मान तीन इंच कमी वाकते. कोपर टेकायला पाटाच्या दोन्ही बाजूंना फळी मोकळी राहतेच.

विकत की करून घ्यायचं?

एकाच बेंचवर एकटाच माणूस बसणार असेल तर गॅस सिलिंडरची गरज काय, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. फॅब्रिकेटरकडून एक इंची चौकोनी पाइपचं, 16 गेज जाडीच्या पत्र्याचं, चार पायांचं स्टूल करून घेता येतं. घसरायला रिंग नाही, गळायला सिलिंडर नाही. कागदावर बैठकीची उंची, दांडीची उंची, बैठकीची खोली आणि फुगवट्याची उंची लिहून द्या. दोन गोष्टी तोंडी पक्क्या सांगा. एक, मागचे पाय बाहेर तिरके काढा, पाठीच्या वरच्या कडेच्याही मागे जमिनीला टेकतील इतके, नाहीतर मागे रेललं की माणूस स्टुलासकट उताणा. दोन, पाठ किंचित मागे कललेली हवी, सरळ काटकोनात नको. न सांगता दिली तर ती काटकोनातच येते, कारण गुण्यात (काटकोन मापायच्या पट्टीत) तसंच सोपं बसतं.

त्यातली अडचण अशी की वेल्डिंग पक्कं होण्याआधी बसून बघायला जायला हवं. टॅकवर, म्हणजे वेल्डिंगचे नुसते ठिपके दिलेले असतानाच बसा. दांडी अर्धा इंच वरखाली करायला तेव्हा दोन मिनिटं लागतात. माझ्या मित्राने घरपोच मागवलं आणि आता दांडीवर लाकडी ठोकळा बांधून वापरतो.

एवढं करूनही पायातल्या मुंग्या उठल्यावर जात नसतील, किंवा दुखणं कमरेतून खाली पोटरीपर्यंत उतरत असेल, तर टेप ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. ते स्टुलाचं दुखणं नाही.

माझं तिसरं स्टूल अजून तेच आहे. चाकं गेली, रिंगखाली क्लिप आली, बारीक नळीवर पीव्हीसीचा पांढरा तुकडा दिसतो. अँगलवरच्या त्या दोन पट्ट्यांवर परवा हिरवा रंग मारला. महिनाभराने तिथे पुन्हा लोखंड दिसलं, तर कुठलं तरी माप अजून चुकलेलं आहे.